शिकायला आलेल्या मुली आणि भेंडीचा हिशोब

आम्ही चौघी मुंबईच्या उपनगरांत राहतो. एक अंधेरीची, एक बोरिवलीची, एक मुलुंडची, एक घाटकोपरची. शेतकरी बायकांच्या गटांबरोबर काम करणाऱ्या एका संस्थेत आम्ही जानेवारी ते मार्च शिकाऊ म्हणून काम केलं. संस्थेचं ऑफिस मुंबईत आणि काम ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात. आठवड्याचे चार दिवस गावात आणि दोन दिवस उपनगरात, असं आमचं वेळापत्रक होतं. त्या कामातून जे समजलं, त्यातलं तुमच्या गटाला उपयोगी पडेल तेवढं आज सांगतो.

अशा शिकाऊ कामाला इंटर्नशिप म्हणतात. कृषी कॉलेजच्या मुली तुम्हाला माहीत आहेतच. राज्यात चार कृषी विद्यापीठं आहेत. तिथल्या मुली शेवटच्या वर्षी गावात येऊन राहतात, बीजप्रक्रिया करून दाखवतात, मातीचा नमुना कसा घ्यायचा ते सांगतात. पेपरात त्यांचा फोटो येतो, 'कृषीकन्यांनी दिले प्रात्यक्षिक' म्हणून. आम्ही त्यातल्या नाही. आमच्यातल्या दोघी कॉमर्सच्या, एक सायन्सची, एक मराठी घेऊन बीए करणारी. पण नव्या शैक्षणिक धोरणानंतर आमच्यासारख्यांच्या अभ्यासातही इंटर्नशिप आली आहे आणि तिला गुण आहेत. साधारण १२० तास काम केलं की ४ क्रेडिट मिळतात. म्हणजे यापुढे शहरातल्या मुली वही-पेन घेऊन तुमच्या दारात जास्त येणार. त्या येतील, प्रश्न विचारतील, फोटो काढतील, सर्टिफिकेट घेऊन जातील. तुमच्या गटाच्या हाती काय राहील?

हा प्रश्न आम्हाला पहिल्याच आठवड्यात एका मावशींनी विचारला. भेंडीच्या सरीत वाकूनच विचारला, मान वर न करता. "मागच्या वर्षी पण दोन पोरी आलेल्या. सगळं लिहून नेलं. आम्हाला काय त्यातलं दिसलं नाही."

शहापूर-मुरबाड भागात भात निघाल्यावर जिथे पाणी आहे तिथे भेंडी लावतात. पेरल्यापासून दीड महिन्यात तोडा सुरू होतो आणि मग दिवसाआड तोडावीच लागते. एक तोडा चुकला की शेंग जून होते आणि भाव पडतो. भेंडीची लव अंगाला खाजते, म्हणून बायका जुन्या शर्टाच्या बाह्या हातावर चढवून पहाटे शेतात जातात. हे काम जवळजवळ सगळं बायकांचंच. खत, औषध आणि मजुरीचा खर्च घरातल्या पुरुषांच्या तोंडपाठ असतो. बाईच्या तोडणीचा मात्र कुठेच उल्लेख नसतो, कारण तिला घरचं माणूस म्हणून पैसे द्यावे लागत नाहीत.

'जिथे पाणी आहे तिथे' असं म्हटलं, त्याबद्दल थोडं. मुंबईच्या नळाला पाणी पुरवणारी तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यातच आहेत. मुलुंड-घाटकोपरमध्ये आम्ही लहानपणापासून जे मोठे पाइप बघतो ते इथून येतात. आणि याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. हा वेगळा विषय आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र बोलायला हवं. पण भाजीचा भाव करताना घासाघीस करणाऱ्या आमच्यासारख्या शहरी लोकांना तो माहीत असायला हवा.

गटातल्या बायकांचं म्हणणं असं होतं, की गावात व्यापारी येऊन ३० रुपये किलोनं भेंडी नेतो आणि तीच भेंडी मुलुंडला ६० रुपयांनी विकली जाते. मग आपणच मुलुंडला का जाऊ नये? म्हणणं अगदी रास्त होतं. संस्थेनं आम्हाला सांगितलं, याचा हिशोब काढा. तो कसा काढला ते सांगतो. आकडे सोपे धरलेत. तुमच्या गावचे आकडे घालून तुम्ही तो पुन्हा करा.

धरा, एका घरची एका तोड्याची भेंडी ४० किलो. गावात ३० रुपयांनी दिली तर १२०० रुपये. हमाली, तोलाई आणि गाडीभाडं मिळून १२० गेले. हातात १०८०.

आता तीच ४० किलो दोघी जणी घेऊन मुलुंडला गेल्या. ३० किलो ६० रुपयांनी गेली, तिचे १८०० झाले. दुपारनंतर गिऱ्हाईक थांबलं, माल सुकायला लागला, म्हणून उरलेली १० किलो २० रुपयांनी काढून टाकली, तिचे २००. एकूण २०००. गावातल्यापेक्षा ८०० जास्त! इथपर्यंत सगळ्या खूश होत्या. मग खर्च मांडला. दोन्हीकडच्या रिक्षा, तिकीट आणि सामानाचा आकार मिळून ३५०. पिशव्या ६०. दोघींचं जेवण-चहा १४०. आणि दोघींचा दिवस, ४०० रुपये हजेरीनं ८००. एकूण खर्च १३५०. हातात उरले ६५०. गावात मिळत होते १०८०.

इथे वाद झाला. एक ताई म्हणाल्या, "आमचा दिवस कशाला धरता? तो तसाही जातोच." दुसऱ्या म्हणाल्या, "का नाही धरायचा? मी मुलुंडला गेले नसते तर दुसऱ्याच्या शेतात हजेरीला गेले असते. तिथे रोख मिळाले असते." बराच वेळ दोन्ही बाजूंनी बोलणं झालं. आम्ही मध्ये पडलो नाही, पण आमचं मत दुसऱ्या ताईंच्या बाजूचं आहे आणि ते आम्ही इथे सांगतो. बाईचा दिवस हिशोबात शून्य धरला की कुठलाही धंदा फायद्याचा दिसतो. पापड, लोणची, मसाले, सगळ्याच धंद्यांत हे दिसतं. मग सहा महिन्यांनी गट दमतो, बायका येईनाशा होतात, आणि लोक म्हणतात बायकांना धंदा जमत नाही. प्रत्यक्षात त्या सहा महिने फुकट राबलेल्या असतात.

मग मुलुंडला जाऊच नये का? तसं नाही. हिशोब पुढे चालवला. एकाच घरची भेंडी नेण्याऐवजी चार घरांनी मिळून चार प्रकारचा माल नेला तर? भेंडी, काकडी, वालाच्या शेंगा, पालेभाजी, प्रत्येकी ४० किलोच्या हिशोबानं १६० किलो. सगळ्यांचा भाव सारखाच धरू, म्हणजे हिशोब सोपा जाईल. सोसायटीच्या दारात जी ६० गिऱ्हाइकं अर्धा अर्धा किलो भेंडी घेतात, तीच बाकीचंही घेतात. गिऱ्हाईक वाढवावं लागत नाही, पिशवी भरते. १२० किलो ६० नं गेली, ७२००. उरलेली ४० किलो २० नं, ८००. एकूण ८०००. खर्च बघा: टेम्पो १५००, दोघींची हजेरी ८००, पिशव्या २४०, जेवण-चहा १४०, मिळून २६८०. उरले ५३२०. चार घरांना प्रत्येकी १३३०. गावातल्या भावापेक्षा घरामागे २५० रुपये जास्त, आणि दोघींची हजेरी वेगळी मिळाली.

आता यातलाच एक आकडा बदलून बघा. चांगल्या भावानं १२० किलोऐवजी ८० किलोच गेली आणि निम्मा माल उरला तर? ४८०० अधिक १६००, म्हणजे ६४००. खर्च तोच. उरले ३७२०, घरामागे ९३०. गावापेक्षा १५० रुपये कमी. म्हणजे सगळा खेळ उरणाऱ्या मालावर आहे. किती विकलं यापेक्षा किती उरलं हे लिहून ठेवणं जास्त महत्त्वाचं. म्हणून संध्याकाळी परत निघताना उरलेला माल मोजायचा आणि वहीत लिहायचा, कितीही कंटाळा आला तरी. तीन-चार रविवार लिहिलं की कुठली भाजी कमी न्यायची ते आपोआप कळतं.

उपनगरातले आमचे दोन दिवस आम्ही या गिऱ्हाइकांकडेच घालवले. दारोदार जाऊन विचारलं, काय घ्याल, किती घ्याल, कधी घ्याल. भेंडी कोवळी हवी, बोटाएवढी. पालेभाजी निवडलेली असेल तर दोन पैसे जास्त द्यायला लोक तयार असतात. सकाळी साडेसात ते दहा ही वेळ खरी, त्यानंतर बाया आपल्या कामाला लागतात. सोसायटीच्या दारात बसायचं तर सेक्रेटरीचं पत्र घ्यावं लागतं. फुटपाथवर बसलात तर पालिकेची गाडी येऊन माल उचलून नेऊ शकते. याशिवाय राज्याच्या कृषी पणन मंडळाचं 'संत शिरोमणी सावता माळी शेतकरी आठवडे बाजार अभियान' २०१६ पासून आहे. त्यात शेतकऱ्यांच्या गटांना शहरात ठरलेल्या दिवशी ठरलेल्या जागी बसता येतं. तुमच्या उमेदच्या सीआरपी ताईंना किंवा तालुक्याच्या कृषी कार्यालयात त्याबद्दल विचारा.

आणि एक गोष्ट आमच्या बोरिवलीच्या मैत्रिणीनं लक्षात आणून दिली. शहरात भाजी कशी विकायची हे शिकवायला कुणी बाहेरून यायची गरजच नाही. वसईच्या भाजीवाल्या पहाटेच्या लोकलनं टोपल्या घेऊन बोरिवली-अंधेरीला पिढ्यान् पिढ्या येत आहेत. पावसाळा लागला की पालघरकडच्या आदिवासी बाया शेवळं, टाकळा, कुरडू, करटोली घेऊन स्टेशनबाहेर बसतात. कुठल्या वेळी कुठे बसायचं, कुणाला वाटा लहान करून द्यायचा, कुणाला उधार द्यायचं नाही, हे सगळं त्यांना पाठ असतं. आम्ही गटातल्या तिघींना घेऊन एका सकाळी बोरिवली स्टेशनबाहेर गेलो आणि त्या बायांशेजारी बसून नुसतं बघितलं. तेवढ्या वेळात जे समजलं ते आमच्या सगळ्या फॉर्मांतून समजलं नसतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. पण गावरान बियाणं त्यांनी असं जपलं, की त्यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला आणि शिकलेली माणसं त्यांच्याकडे शिकायला जातात. जिला येतं तिच्याकडे जायचं, मग ती फुटपाथवर बसलेली का असेना.

आता पैसे कुठे जातात ते बघू. शहरात सुटे पैसे कुणी देत नाही, सगळे मोबाइलवरून देतात. पहिल्या रविवारी गटातल्या एका ताईंनी मुलाच्या मोबाइलचा क्यूआर कोड नेला होता. विक्री झाली, पैसे मुलाच्या खात्यात गेले. मुलगा चांगला आहे, त्यानं आणून दिले. पण सगळ्याच घरी मुलगा किंवा नवरा मागितल्यावर लगेच देईल असं नाही, आणि मागावं तरी का लागावं? बचत गटाचं बँकेत खातं असतंच. त्या खात्याचा क्यूआर कोड बँकेकडे मागा. अध्यक्ष-सचिवांच्या सहीचा अर्ज द्यावा लागतो. कोड हाती आला की त्याचा कागद लॅमिनेट करून टोपलीला बांधा.

गावात व्यापाऱ्याला किंवा बाजार समितीत माल देत असाल तर पट्टी जपून ठेवा. पट्टी घरात येते, पुरुषांच्या खिशात जाते आणि धुण्यात विरघळते, असं आम्ही बऱ्याच घरांत बघितलं. तिच्यावर वजन, भाव, हमाली, तोलाई, वाराई सगळं लिहिलेलं असतं. राज्य सरकारनं २०१६ मध्ये फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला, आणि त्यांची आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. तुमच्या पट्टीवर आडत किंवा दुसऱ्या नावानं तशीच काही कपात दिसली तर ती कशाची ते विचारा. शिकायला आलेली मुलगी कॉमर्सची असेल तर तिला वर्षभराच्या पट्ट्या द्या आणि म्हणा, यातून आम्हाला सरासरी भाव आणि एकूण कपात काढून दे. तिचं एका दिवसाचं काम आहे. तुमच्या गटाला मात्र ते वर्षभर पुरेल.

आमच्याकडे जो छापील फॉर्म होता त्यात 'शेतकऱ्याचे नाव' असा रकाना होता आणि पुढे 'पत्नीचा व्यवसाय'. पहाटे पाचपासून भेंडी तोडणाऱ्या बाईच्या पुढे घरोघरी 'गृहिणी' असंच सांगितलं जायचं. सांगणारे नेहमी पुरुषच असत असं नाही, बायका स्वतःही तसंच सांगत. त्याचं कारण सातबारा. जमीन नावावर नाही म्हणजे शेतकरी नाही, असा सगळ्यांचा समज. आणि तो निव्वळ समज आहे असंही म्हणता येत नाही, कारण शेतीच्या योजनांना आता शेतकरी ओळखपत्र लागतं आणि ते जमिनीच्या नोंदीवरून निघतं. राबणारी बाई त्या यादीत येत नाही.

म्हणून लक्ष्मीमुक्तीबद्दल सांगतो, कारण गटातल्या निम्म्या बायकांनी ते नावही ऐकलेलं नव्हतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला झालं होतं. पुढे संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती' ही मोहीम घेतली, नवऱ्यांनी आपणहून जमीन बायकोच्या नावावर करून देण्याची. त्यानंतर १९९२ मध्ये सरकारनंही त्याला धरून निर्णय काढला. नवऱ्यानं स्वखुशीनं अर्ज केला तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लागू शकतं. अर्ज तलाठ्याकडे द्यायचा. त्या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नवऱ्याची तयारी हवी, हीच त्यातली मेख. पण एखाद्यानं केलं की वाडीतले दुसरे दोघे विचार करतात. आमच्यासमोर एका घरी हा विषय निघाला, आजोबा रागावले, आजी चुलीपाशी हसत होत्या. पुढे काय झालं ते आम्हाला बघायला मिळालं नाही. आणि नाव लागेपर्यंत थांबायलाच हवं असंही नाही. मराठवाड्यात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर काम करणाऱ्या बायका घरच्यांकडे एक एकर मागून घेतात. त्यात काय लावायचं हे त्या स्वतः ठरवतात आणि आधी घराला लागणारं धान्य, डाळी, भाजी पिकवतात.

मुलींच्या हक्काचं सांगायचं तर हिंदू वारसा कायद्यात २००५ साली बदल झाला आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. वडील २००५ पूर्वी वारले असले तरी तो हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. पण लग्न झालेल्या बहिणींना बोलावून हक्कसोडपत्रावर सही घ्यायची रीत चालूच आहे. या कामामुळे आम्ही आमच्या घरी विचारलं. आमच्या चौघींपैकी दोघींच्या आयांनी गावच्या जमिनीचं हक्कसोडपत्र करून दिलेलं आहे. उपनगरातल्या, नोकरी करणाऱ्या बायका. एकीची आई म्हणाली, "भावाचं घर तुटू नये म्हणून केलं. कागद वाचला नव्हता." सही करायची की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं, आम्ही कोण सांगणार? पण कागद आधी घरी आणावा, कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्यावा, दोन दिवस उशाशी ठेवावा आणि मग ठरवावं, एवढं नक्की करता येतं.

मावशींच्या प्रश्नाकडे वळू. मुली आल्या तर पहिल्याच दिवशी गटाच्या बैठकीत बसवा आणि विचारा, कुठल्या संस्थेकडून आलात, किती दिवस आहात, लिहून नेणार ते कुणाला देणार. आधार क्रमांक आणि मोबाइलवर आलेला ओटीपी कुणालाच देऊ नका, मुलगी कितीही गोड बोलत असली तरी. फोटो कुठे छापणार ते विचारून मगच काढू द्या. आणि जायच्या आधी, लिहिलं ते सगळं मराठीत बैठकीत वाचून दाखवायचं, अशी अट घाला. आम्ही वाचून दाखवलं तेव्हा बायकांनी आमचे सात आकडे बदलले. बियाण्याचा खर्च आम्हाला पुरुषांनी सांगितला होता, तो बायकांनी कमी केला. पाणी भरायचे तास आम्ही कुणालाच विचारले नव्हते, ते त्यांनी घालायला लावले. त्याची एक प्रत गटाच्या पेटीत ठेवायला सांगा. वही लिहायचं काम मुलींकडे ठेवू नका. पहिल्या रविवारपासून आमच्याबरोबर नववीतली एक मुलगी बसायची. आम्ही निघालो तेव्हा वही तिच्याकडेच होती. ती आता गटाकडून रविवारचे ५० रुपये घेते. हे ५० रुपयेही खर्चाच्या बाजूला लिहायला ती विसरत नाही.

भेंडीचा हंगाम आता संपला. मुलुंडच्या सोसायटीतून निरोप आलाय, पावसाळ्यात करटोली आणि शेवळं आणाल का म्हणून. गटानं अजून हो म्हटलेलं नाही. रानात कुणी जायचं, आणि रानातल्या दिवसाची हजेरी किती धरायची, यावर येत्या मंगळवारच्या बैठकीत बोलणं होणार आहे.